ढिली गुंडाळी, अडकलेलं शीड

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. मी, माझे मिस्टर आणि त्यांच्या मित्राचं कुटुंब, असे आम्ही गेल्या सप्टेंबरात ग्रीसमध्ये लेफकाडाजवळ आठवडाभरासाठी शिडाची बोट भाड्याने घेतली होती. बोट चाळीस फुटी. तिचं मोठं शीड डोलकाठीच्या आतच गुंडाळलं जायचं. पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला म्हणून घाईघाईने शीड आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढायला गेलो तर अर्ध्यावर अडकलं, ना आत ना बाहेर. मिस्टरांनी विजेच्या विंचचं, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राचं, बटण दाबून धरलं, पण दोर नुसता करकरायला लागला. कसंबसं बंदर गाठलं, तिथल्या माणसाने तासभर झटून ते मोकळं केलं. शिडाला वीतभर फाट गेली होती. कंपनीने अनामत रकमेतून पैसे कापले. मिस्टर म्हणतात बोटच खराब होती. यंदा पुन्हा जायचं म्हणतोय. हे शीड ताब्यात कसं ठेवायचं?
एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ताई, शीड अडकलं सकाळी, पण बिघडलं होतं आदल्या दुपारीच. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक बोटींची गोष्ट अशीच असते. उघडताना अडकतं म्हणून सगळे उघडण्याच्या दोराकडे बघतात, आणि आदल्या दिवशी गुंडाळलं कसं होतं हे कुणाला आठवत नाही.

आधी आतली रचना समजून घ्या. ही डोलकाठी पोकळ असते. तिच्या पोटात वरपासून खालपर्यंत ॲल्युमिनियमची एक दांडी उभी असते आणि शिडाची पुढची कड, म्हणजे लफ, तिच्यात ओवलेली असते. दांडी फिरली की शीड तिच्यावर गुंडाळतं. डोलकाठीच्या मागच्या अंगाला उभी फट असते, तिच्यातून कापड आतबाहेर करतं. शिडाची खालची कड बूमला, म्हणजे डोलकाठीतून मागे जाणाऱ्या आडव्या दांड्याला, बांधलेली नसते. मागचा खालचा कोपरा, क्लू, तेवढा एका दोराने बूमच्या टोकाकडे ओढलेला असतो. तो दोर म्हणजे आउटहॉल. दांडी फिरवणारा दोर वेगळा, त्याला फर्लिंग लाईन म्हणतात. आउटहॉल शिडाला बाहेर ओढतो, फर्लिंग लाईन आत. सगळा ताबा या दोन दोरांच्या ओढाताणीत आहे. एक ओढायचा आणि दुसरा अडवत अडवत सोडायचा. तुम्ही घाईत आउटहॉल पूर्ण मोकळा सोडला असणार आणि फर्लिंग लाईन जोरात ओढली असणार. बहुतेक जण तेच करतात, कारण त्याने शीड पटकन आत जातं.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटात गेलं आणि उमेदीची वर्षं भूमध्य समुद्राकाठी शिडं दुरुस्त करण्यात. त्यामुळे मला हा प्रकार टॉवेलच्या मागावरून चटकन समजतो, आणि तुम्ही सोलापूरच्या म्हणून तुम्हालाही समजेल. टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, असतात. एकाचा ताणा (उभे धागे) घट्ट, दुसऱ्याचा मुद्दाम ढिला. तो ढिला ताणाच वर उचलला जाऊन टॉवेलचे लूप होतात. डोलकाठीच्या आतही ढिलं राहिलेलं कापड असंच उठतं, फक्त तिथे ते कुणाला नको असतं. ढिली गुंडाळी फुगते, आतली जागा भरून टाकते. सकाळी तुम्ही आउटहॉल ओढता तेव्हा दांडी आधी फिरतच नाही. बाहेरचे वेढे आतल्यांवर आवळतात, मधे एक घडी उठते आणि ती घडी फटीच्या तोंडाशी दुहेरी होऊन बसते. जवळ जाऊन बघितलं तर फटीच्या कडेला बोटाएवढा जाड, लाकडासारखा टणक झालेला कापडाचा पदर दिसतो. वरून विंच ओढत राहिला की तो पदर आणखी रुततो. तुमच्या शिडाला वीतभर फाट गेली ती याच जागी गेली असणार.

म्हणून गुंडाळताना आउटहॉल विंचवर दोन वेढे देऊन हातात धरायचा आणि तळहाताला ओढ जाणवेल इतपत अडवत सोडायचा. फार जोर नको, नाहीतर दांडीवर आणि वरच्या फिरत्या चकतीवर ताण येतो. कापड सपाट आत जावं, एवढीच अपेक्षा. हे काम एकट्याने करू नये. एकाने फर्लिंग लाईन, दुसऱ्याने आउटहॉल, आणि तिसरं कुणी असेल तर त्याने डोलकाठीच्या पायाशी उभं राहून फटीकडे वर बघत राहायचं. तुम्ही चौघं असाल तर ही तिसरी जागा रिकामी ठेवूच नका. घडी दिसली की "थांबा" म्हणणारा माणूस तोच.

आता बूम. शिकवणारे याबद्दल एक वाक्य बोलून पुढे जातात, पण खरी मेख इथेच आहे. बूम किती उंच आहे यावर शिडाच्या कुठल्या कडेला ताण मिळणार ते ठरतं. बूम खाली झुकलेला असेल तर मागची कड, लीच, ताणली जाते आणि खालची कड सैल पडते. मग तळाशी कापड गोळा होऊन चुन्या पडतात. बूम फार वर उचलला तर उलटं होतं. तळ घट्ट गुंडाळला जातो आणि वरच्या भागात सैल वेढे बसतात, जे खालून नीट दिसतही नाहीत. बूम डोलकाठीला साधारण काटकोनात, नाहीतर टोक किंचित वर, असा ठेवला की दोन्ही कडांना सारखी ओढ मिळते. ही उंची टॉपिंग लिफ्टने (बूमचं टोक वरून तोलणारा दोर) किंवा बूमखालच्या टणक वँगने (डोलकाठीच्या पायापासून बूमपर्यंतचा तिरका आधार) धरतात, आणि गुंडाळायला सुरुवात करण्याआधी वँगची आणि मेनशीटची, म्हणजे बूमला आत ओढून धरणाऱ्या दोराची, खालची ओढ सैल करावी लागते. ती तशीच राहिली तर टॉपिंग लिफ्ट कितीही नीट लावा, बूम खालीच ओढलेला राहतो. एकदा योग्य उंची सापडली की वँगच्या दोरावर, क्लचच्या (दोर पकडून ठेवणाऱ्या खटक्याच्या) तोंडाशी, मार्करने किंवा रंगीत दोऱ्याने खूण करून ठेवा. भाड्याच्या बोटीवर ही खूण आधीपासून असायला हवी. माझ्या मते ती नसणं हा बोट देणाऱ्याचा दोष आहे, आणि तुमचे मिस्टर एवढ्यापुरते बरोबर आहेत.

वाऱ्याची बाजूही बघावी लागते. शीड आत घेताना बोट थेट वाऱ्यात नाक घालून उभी करायची, असं पुष्कळ जण शिकलेले असतात. बूमवर घडी पडणाऱ्या साध्या शिडाला ते ठीक आहे. इथे थेट समोरच्या वाऱ्यात शीड फडफडतं आणि फडफडणारं कापड सपाट आत जात नाही. वारा नाकाच्या थोडा एका बाजूने येऊ द्या, इंजिन हळू चालू ठेवा आणि मेनशीट इतकीच सैल करा की शिडातला जोर जाईल, पण ते झेंड्यासारखं हलणार नाही. आता बाजू कुठली? ते दांडी कुठल्या दिशेने फिरते त्यावर आहे. फटीतून आत डोकावून बघा. गुंडाळीवरून कापड डावीकडून सुटतं की उजवीकडून, ते दिसेल. ज्या बाजूने सुटतं त्याच बाजूने वारा घ्या. मग गुंडाळीपासून फटीतून बाहेर पडेपर्यंत कापडाचा मार्ग जवळजवळ सरळ राहतो. दुसऱ्या बाजूने वारा घेतला तर कापड फटीच्या कडेवर मुडपून घासतं. शिडावर उभे करडे-काळसर पट्टे दिसत असतील तर ते ॲल्युमिनियमच्या घासण्याचे असतात, आणि घासतंय कुठे ते तेच सांगतात.

हॅलयार्ड, म्हणजे शीड वर खेचणारा दोर, या रचनेत एकदा लावला की सहसा हलवत नाहीत, म्हणून तो विसरला जातो. शिडाच्या पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तो ढिला आहे. त्या जाईपर्यंतच ओढा. त्यापुढे ओढलं की पुढच्या कडेला उभी घडी पडते आणि तीही गुंडाळीत जाते. बोटीला बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारी तार, ताणायची सोय असेल तर गुंडाळण्याआधी तो सैल करा. डोलकाठी वाकलेली असेल तर आतली दांडी भिंतीला घासते आणि फर्लिंग लाईन उगाच जड लागते.

शेवटी क्लूचा जाड पट्टा फटीपाशी आला की थांबायचं. तो आत ओढू नका. त्यावर उन्हापासून वाचवणारं कापड शिवलेलं असतं, ते बाहेर राहण्यासाठीच. दोन्ही दोर क्लचमध्ये बंद करा.

उघडताना हेच उलट करायचं. मेनशीट आणि वँग सैल, बूम खुणेवर, वारा त्याच बाजूने. फर्लिंग लाईन मोकळी पण हातात, म्हणजे शीड सुसाट बाहेर येणार नाही. काही डोलकाठ्यांना खाली रॅचेटचा छोटा खटका असतो. तो अडकवलेला असेल तर दांडी एकाच दिशेने फिरते आणि माणसं नाहक झटत बसतात. तो आधी बघा.

विजेच्या विंचबद्दल माझं मत ठाम आहे. बटण दाबणाऱ्याला ओढ कळत नाही. हाताने फिरवणाऱ्याला अडकल्याचं मनगटात कळतं, मोटरला कळत नाही. मोटर दोर तोडेल, कापड फाडेल, दांडी वाकवेल, पण थांबणार नाही. विजेचा विंच वापरायचाच असेल तर बटण टप्प्याटप्प्याने दाबा, नजर फटीवर ठेवा. तुमच्या मिस्टरांना राग येऊ देऊ नका, पण बटण दाबून धरणं हेच त्या दिवसाचं सगळ्यात महाग काम होतं.

तरीही अडकलंच तर? थांबा. आधी दोर बघा. क्लचमध्ये गाठ, विंचवर दोर दोरावर चढलेला, खाली ड्रमवर गुंता, यातलं काही नाही ना? नसेल तर कापड अडकलंय. मग बाहेर ओढू नका, थोडं आत घ्या. वीत-दोन वीत आत, आउटहॉलला ओढ देऊन, आणि पुन्हा हळू बाहेर. असं आतबाहेर करत करत बहुतेक घड्या सुटतात. सुटलं नाही तर बूमची उंची थोडी बदला, वारा दुसऱ्या बाजूने घेऊन बघा. एकाने डोलकाठीपाशी उभं राहून हाताने तो पदर सपाट करत बाहेर काढावा, आणि विंचवरच्या माणसाने तो सांगेल तेव्हाच ओढावं. बोटं फटीच्या कडेपासून लांब. घडी हाताच्या टप्प्यापेक्षा वर असेल तर समुद्रात कुणाला डोलकाठीवर चढवू नका. इंजिन आहे, बंदर गाठा.

यातून या रचनेची मोठी उणीव लक्षात येते. अर्धं अडकलेलं शीड खाली उतरवता येत नाही, कारण उतरवायचं तर आधी ते पूर्ण उलगडावं लागतं. म्हणून वारा वाढायची वाट न बघता शीड लवकर कमी करायचं. तुम्ही गेला होतात त्या आयोनियन समुद्रात उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो, तिथले लोक त्याला माइस्त्रो म्हणतात. तो येणार हे सकाळीच माहीत असतं. जेवणाआधी दोन वेढे आत घेतलेलं शीड दुपारी कुणाला घाई करायला लावत नाही, आणि हवं तितकंच आत घेता येणं हाच तर या शिडाचा मोठा गुण आहे.

यंदा बोट ताब्यात घेताना भांडी आणि गाद्या मोजून सही करू नका. धक्क्यावर वारा पडलेला असताना देणाऱ्यासमोर शीड पूर्ण बाहेर काढायला लावा आणि तुमच्या हाताने पुन्हा गुंडाळा. बूमची खूण कुठे, वारा कुठल्या बाजूने, रॅचेट आहे का, विंच किंवा दोर बंद पडला तर दांडी हाताने फिरवायची सोय कुठे, हे चार प्रश्न विचारा. शीड मधोमध पोटासारखं फुगलेलं दिसलं, सपाट झालंच नाही, तर ते जुनं आहे. जुन्या डेक्रॉनमधला (शिडाच्या पॉलिएस्टर कापडातला) राळेचा भराव गेलेला असतो, कापड तिरकं ताणलं जातं आणि मधल्या भागात गुंडाळीसाठी जास्तीचं कापड तयार होतं. असं शीड कितीही सांभाळून गुंडाळलं तरी अडकायची भीती राहते. तसं दिसलं तर फोटो काढून ठेवा आणि सही करण्याआधी लिहून घ्या. गेल्या वर्षी तुम्ही हे केलं असतं तर अनामतीच्या वादात तुमची बाजू भक्कम झाली असती.

प्रश्न : मी आणि माझा भाऊ निवृत्तीनंतर जुनी बोट घ्यायचा विचार करतोय. डोलकाठीत गुंडाळणारं शीड घ्यावं की बूमवर उतरणारं साधं?
एक वाचक, बार्शी

उत्तर : दोघंच असाल, पासष्टीच्या पुढे असाल आणि किनाऱ्याने फिरणार असाल तर गुंडाळणारं घ्या. हलत्या डेकवर डोलकाठीपाशी जाऊन उभं राहायला लागत नाही, सगळं सुकाणूपाशी बसून होतं. या वयात हा फायदा मोठा आहे. बदल्यात काय देता ते मात्र माहीत असू द्या. शिडाची मागची कड ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या घालता येत नाहीत, म्हणून मागची कड आत कोरलेली असते आणि शीड लहान पडतं. उभ्या पट्ट्यांचं शीड मिळतं, थोडं चांगलं चालतं, पण अडकण्याची आणखी एक जागा तयार होते. कापडाचा आणि दांडीचा भार सतत उंचावर राहतो. आणि धक्क्यावर बोट उभी असताना आडवा वारा फटीवरून गेला की डोलकाठी शिट्टी वाजवत राहते, रात्रभर. त्यासाठी फटीत वर चढवायची कापडी पट्टी मिळते. ती बोटीबरोबर आहे का, विचारून घ्या. लांब पल्ल्याचा समुद्र ओलांडायचा असेल तर मी स्वतः साधं शीडच घेईन. हॅलयार्ड सोडला की ते खाली येतं.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. चादर-टॉवेलला भाव नाही. आमच्या मागांवर शिडाचं कापड निघेल का? कुणी छोट्या माणसाने हे केलंय का?
एक वाचक, सोलापूर

उत्तर : केलंय, आणि त्याचा पहिल्या प्रश्नाशीही संबंध आहे. अमेरिकेतल्या मार्बलहेड गावी टेड हूड नावाचा शिडं शिवणारा माणूस होता. बाजारातलं कापड त्याला पटेना, म्हणून त्याने स्वतःचे माग बसवले आणि अरुंद पन्ह्याचं, अतिशय घट्ट विणीचं डेक्रॉन काढलं. 1974 साली अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची नावाजलेली शर्यत जिंकणाऱ्या 'करेजस' बोटीचा कप्तान तोच होता. डोलकाठीत शीड गुंडाळण्याची स्टोवे नावाची पद्धतही त्याच्याच कंपनीने बाजारात आणली. 2013 मध्ये तो गेला. माग, शीड आणि डोलकाठी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने हाताळल्या, हे सोलापूरच्या माणसाला विशेष वाटावं असंच आहे.

तुमच्या मागांवर आज जसे आहेत तसे ते कापड निघणार नाही, हे स्पष्ट सांगतो. चादरीचा जकार्ड माग सुती धाग्यासाठी आणि नक्षीसाठी बसवलेला असतो. शिडाला लागतो उच्च ताकदीचा पॉलिएस्टर फिलामेंट, त्यावर फणीचा फार जबरी ठोका, आणि तो ठोका सोसणारी मागाची चौकट. शिवाय विणून झालं की काम संपत नाही, निम्मं काम पुढे असतं. कापड धुऊन, उष्णता देऊन आकसवतात, त्यात राळेचा भराव देतात आणि गरम रुळांतून दाबून काढतात. ते प्रोसेसिंग इथे उभं करायचं म्हणजे मागापेक्षा जास्त भांडवल.

मोठ्या खर्चात शिरण्याआधी एक सोपी तपासणी करता येते. एखाद्या मागावर पॉलिएस्टर फिलामेंटचं साधं, जमेल तितकं घट्ट वाण काढा. हातभर तुकडा कापा, ताण्याच्या आणि बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने ओढा, मग कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरका ओढा. सरळ दिशेला बहुतेक कापडं टिकतात. तिरकं ओढल्यावर जे सरकतं आणि सोडल्यावर परत येत नाही, त्याचं शीड थोड्याच दिवसांत पोटासारखं फुगतं. तुमचा तुकडा तिरका किती सरकतो ते पट्टीने मोजून मला कळवा. सोबत मागाचा पन्हा आणि दर इंचाला ताण्याचे-बाण्याचे किती धागे बसतात, तेही लिहा.